ट्रायल्स मोटरसायकल: क्लच लिव्हर दाबून धरला तरी गाडी पुढे सरकते

प्रश्न

माझ्या ट्रायल्स (पाय न टेकता अडथळे पार करण्याच्या स्पर्धेच्या) मोटरसायकलला हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चालणारा क्लच आहे. पहिल्या गिअरमध्ये, एका बोटाने लिव्हर दाबून, अडथळ्यासमोर तोल सांभाळत उभा राहिलो की थोड्याच वेळात लिव्हर आपोआप हँडलच्या दिशेने आत जातो आणि गाडी पुढे सरकू लागते. अशा वेळी पाय टेकावाच लागतो आणि 1 दंडगुण पडतो. लिव्हर भराभर दोन-तीनदा दाबला की क्लच पुन्हा नीट सुटतो. बाहेर कुठेही ऑइल पाझरलेले दिसत नाही, लिव्हरजवळच्या क्लच ऑइलच्या टाकीतली पातळीही उतरलेली नाही, मात्र ऑइल काळपट झाले आहे. याशिवाय इंजिन चांगले तापले की चढावर क्लच स्लिप होतो (पकड सुटून घसरतो) आणि इंजिन थंड झाल्यावर ती तक्रार राहत नाही. ऑइलच्या नळीतली हवा काढून पाहिली, पण फरक पडला नाही. मास्टर सिलिंडरची (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलणारा सिलिंडर) नुसती सील-पिस्टनची किट बदलावी की पूर्ण सिलिंडरच बदलावा, आणि उघडण्यापूर्वी काय तपासावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर 1

आपण सांगितलेल्या दोन तक्रारींची कारणे वेगळी असावीत, म्हणून त्या वेगवेगळ्या तपासाव्यात. पहिल्या तक्रारीत पिस्टनच्या पुढच्या रबरी सीलवरून ऑइल मागे निसटत असावे. ते बाहेर न येता सिलिंडरमधूनच टाकीत परत जाते, त्यामुळे पातळी उतरत नाही. खालचा, क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर गळत असता, तर पातळी नक्कीच उतरली असती; काही इंजिनांत तो क्लच कव्हरच्या आतच असल्याने तिथली गळती बाहेर न दिसता गिअर ऑइलमध्ये मिसळते, एवढे लक्षात ठेवावे. खात्री करण्यासाठी इंजिन बंद ठेवून लिव्हर अगदी हलक्या हाताने, सावकाश दाबत न्या. जोराने दाबले की दाबामुळे सीलची कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि झिजलेले सीलही चांगले असल्यासारखे वागते. हलक्या दाबाला मात्र ते ऑइल अडवू शकत नाही, आणि लिव्हर बोटाखाली बुडत जातो.

तापल्यावर क्लच स्लिप होण्याचे मूळ बहुधा टाकीच्या तळाशी असलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रात सापडेल. लिव्हर पूर्ण सुटलेला असताना ते उघडे राहते आणि तापून फुगलेले ऑइल त्यातून टाकीत परत जाते. ते काळ्या गाळाने बुजले, किंवा लिव्हरला मोकळी चाल नसल्यामुळे पिस्टन पूर्ण मागे न येता त्यावरच थांबला, की ऑइल अडकून दाब वाढतो आणि लिव्हरला हात न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. क्लच स्लिप होत असतानाच थांबून ब्लीड निपल (हवा काढण्याचा खालचा स्क्रू) किंचित सैल करा. चार थेंब बाहेर येऊन क्लच लगेच पकडू लागला, तर निदान पक्के झाले. त्यानंतर आधी ॲडजस्टिंग स्क्रूने लिव्हरच्या टोकाशी 2-3 मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. मग टाकीचे झाकण काढून, डोळ्यांना चष्मा लावून, लिव्हर जेमतेम हलवा: दाबाच्या सुरुवातीलाच छिद्रावर ऑइलची बारीक उसळी दिसायला हवी. ती दिसत नसेल तर छिद्र बुजलेले आहे.

उत्तर 2

वरील निदानाशी मी सहमत आहे, परंतु किट की सिलिंडर हा निर्णय पिस्टन बाहेर काढल्यावरच घ्यावा. रबरी टोपी काढली की खोलवर एक लहान सर्क्लिप (पिस्टन अडवून धरणारी कडी) दिसते; तिच्यासाठी लांब, निमुळत्या टोकांचा प्लायर लागतो, आणि साध्या पकडीने ओढाताण केली तर सिलिंडरच्या तोंडाशी ओरखडे पडतात. आतला भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवावा. पेट्रोल किंवा रॉकेलने रबर फुगते. छिद्र साफ करायला एकच बारीक, मऊ तार घ्यावी आणि भोक मोठे होणार नाही याची काळजी घ्यावी.

नंतर उजेडात धरून बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) नीट पाहावा. विसाव्याच्या स्थितीत पिस्टन जिथे थांबतो तिथे ओलाव्याने खड्डे पडलेले असतात. नख अडकेल इतका खड्डा किंवा ओरखडा असेल, तर नवी किट थोड्याच दिवसांत पुन्हा निकामी होईल. पॉलिश पेपरने घासून तो काढण्याचा मोह टाळावा, कारण ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइझ केलेला कठीण थर एकदा गेला की झीज झपाट्याने होते. अशा वेळी पूर्ण सिलिंडर बदलावा, पण तो त्याच मापाचा असावा. 10 मिलिमीटरच्या जागी 9.5 मिलिमीटरचा बसवला तर लिव्हर हलका लागतो, पण तेवढ्याच चालीत सुमारे 10 टक्के कमी ऑइल ढकलले जाते आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. हलक्या दाबाला लिव्हर खरोखरच बुडतो, आणि निपल सैल करताच क्लच पकडतो. झाकणावरची अक्षरे मात्र पुसली गेली आहेत. ऑइल कोणते भरावे आणि जोडणी करताना काय सांभाळावे?

उत्तर 3

ऑइलच्या प्रकाराबाबत अंदाजावर जाऊ नये. काही सिलिंडर डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) वर चालतात, तर काही मिनरल ऑइलवर, आणि दोन्हींची रबरे वेगळी असतात; डॉटसाठीचे सील मिनरल ऑइलमध्ये फुगून पिस्टन अडकतो. सध्या आत असलेल्या ऑइलचा थेंब पाण्यात टाकून हलवा: विरघळला तर ते डॉट 3, 4 किंवा 5.1 च्या जातीचे, तरंगत राहिला तर नाही. ही चाचणी आत काय भरले आहे एवढेच सांगते, योग्य काय ते सांगत नाही, म्हणून गाडीच्या मॅन्युअलशी पडताळा घ्यावा. डॉट 4 हवेतला ओलावा शोषते: ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्यासाठी ही मर्यादा 155 अंश आहे. त्यामुळे जुनी, फोडून ठेवलेली बाटली वापरू नये. रंगावर थेंब पडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

जोडताना सील त्याच ऑइलमध्ये भिजवावे, पुढच्या सीलची उघडी कड स्प्रिंगकडे ठेवावी आणि पिस्टन किंचित फिरवत आत न्यावा, म्हणजे कड दुमडत नाही. बँजो बोल्टचे (ऑइलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही वॉशर नवे घालावेत. हवा काढण्यासाठी लिव्हर पंप करत बसण्यापेक्षा खालच्या निपलमधून सिरिंजने ऑइल सावकाश वर चढवावे. बुडबुडे आपसूकच वर जाणारे असतात, आपण त्यांना तीच वाट द्यायची. टाकी लहान असल्याने ती भरून वाहू नये म्हणून दुसऱ्या सिरिंजने वरून ऑइल काढत राहावे. लिव्हर रात्रभर बांधून ठेवण्याचाही उपयोग होतो, मात्र लिव्हर दाबलेला असताना ते बारीक छिद्र झाकलेले असते, त्यामुळे वर जमलेली हवा सकाळी लिव्हर हळूहळू सोडल्यावरच टाकीत निघते.

इतके करूनही फक्त थंड इंजिनावर गाडी पुढे ओढत असेल, तर सिलिंडरला दोष देऊ नये. गिअर ऑइलने एकमेकींना चिकटलेल्या क्लच प्लेटांमुळे असे होते. इंजिन सुरू करण्यापूर्वी गिअर टाकून, लिव्हर पूर्ण दाबून, गाडी मागेपुढे ढकलली की प्लेटा सुटतात.