हातमागाची पैठणी आणि सेमी पैठणी: लग्नाला आलेल्यांना फरक खरेच ओळखू येतो का?

प्रश्न: मुलीची आई (ठाणे)

नमस्कार. डिसेंबरमध्ये माझ्या मुलीचे लग्न आहे. बस्त्यासाठी आम्ही मागच्या आठवड्यात येवल्याला जाऊन आलो. एका विणकराच्या घरी, मागाच्या शेजारीच सतरंजीवर बसून, आम्ही वांगी रंगाची, नारळी काठाची आणि पदरावर बांगडी मोर असलेली पैठणी पाहिली. किंमत ४२,००० रुपये. तासाभराने बाजारात जवळजवळ तशीच साडी ४,५०० रुपयांना मिळाली. ती सेमी आहे, यंत्रमागावरची आहे, हे दुकानदाराने स्वतःहून सांगितले. कमी किमतीची म्हणून ती लगेच घेतली आणि महागडीचा निर्णय पुढे ढकलला.

माझ्या जाऊबाईंकडे हातमागाची साधारण याच रंगाची पैठणी आहे. परवा हळदीकुंकवाला आलेल्या अकरा जणींपुढे मी दोन्ही साड्या पलंगावर पसरून ठेवल्या आणि खरी कोणती ते विचारले. सहा जणींनी सेमीलाच खरी ठरवले, कारण तिची जर जास्त चमकत होती. बरोबर उत्तर देणाऱ्या पाच जणींपैकी दोघींनाच कारण सांगता आले, आणि त्या दोघींनीही आधी पदर उलटून पाहिला होता. मांडवात नवरीचा पदर उलटून कोण पाहणार?

मला हा प्रश्न टोचण्याचे आणखी एक कारण आहे. १९९६ साली माझ्या लग्नात वडिलांनी दोन महिन्यांचा पगार घालून एका दुकानातून ‘हातमागाची’ म्हणून पैठणी घेतली होती. ती मी वीस वर्षे तशीच समजून नेसले. काठाजवळ फाटली तेव्हा रफू करणाऱ्या काकांनी पदराच्या आतले लोंबते धागे दाखवले आणि ही यंत्रावरची आहे असे सांगितले. त्या वीस वर्षांत मला कोणीही, अगदी माहेरच्या मावश्यांनीही, कधी शंका विचारली नव्हती. मग वरचे ३७,५०० रुपये आपण नेमके कशासाठी देतो? ज्यांना या विषयातले कळते त्यांनी मोकळेपणाने सांगावे.

उत्तर १: येवल्याच्या विणकर घरातला

ताई, तुमच्या प्रश्नाला आधी सरळ उत्तर देतो. मांडवातल्या खुर्चीवरून हा फरक ओळखू येत नाही. माझ्या घरात तीन पिढ्या मागावर बसल्या आहेत, तरी दहा पावलांवरून मीसुद्धा खात्री देणार नाही. लोक पैठणी ओळखतात ती मोर, मुनिया (पोपट), आसावली (फुलांची वेल) आणि नारळी काठ पाहून, आणि यंत्र नेमकी हीच चिन्हे उचलते.

आता हाताच्या अंतरावर काय दिसते ते सांगतो. पदरावरचा मोर विणताना आम्ही आडवा धागा नेणारा एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत फेकत नाही. मोराच्या गळ्याचा निळा, पिसांचा हिरवा, चोचीचा लाल, अशा प्रत्येक रंगाची वेगळी लहानशी तिल्ली असते. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे बोटांनी मोजून ती तिल्ली तेवढ्याच धाग्यांतून काढायची, शेजारच्या रंगात अडकवायची आणि परत फिरवायची. जिथे हिरवा संपतो तिथून हिरवा धागा मागे वळतो, तो साडीच्या पाठीवरून पुढच्या पिसापर्यंत ओढत नेला जात नाही. म्हणून हातमागाच्या पदराची आतली बाजू बाहेरच्या बाजूसारखीच दिसते. यंत्रमागावर प्रत्येक रंगाचा धागा पूर्ण रुंदीत धावतो. नक्षीत त्याचे काम असेल तिथे तो वर येतो आणि उरलेल्या जागेत पाठीमागे लोंबतो. मग ते धागे कापतात किंवा तसेच ठेवून त्यांवर जाळी शिवतात.

एक सावधगिरी सांगतो, कारण अनेक जण इथेच फसतात. आमच्याकडे काही हातमागांवर काठासाठी जॅकार्डची पेटी, म्हणजे नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे आपोआप उचलणारी जोडणी, बसवलेली असते, त्यामुळे काठाच्या पाठीमागे धागे दिसले म्हणून साडी लगेच खोटी ठरवू नये. परीक्षा पदराचीच करावी. मोराच्या पाठीची गोलाई नखाच्या अंतरावरून पाहावी. हाताने विणलेली गोलाई बारीक पायऱ्यापायऱ्यांनी चढते, आणि शेजारशेजारचे दोन मोर एखाद्या धाग्याने का होईना, पण वेगळे निघतात. यंत्राचे सगळे मोर एका साच्यातले असतात. धूपछाँव रंगावरून मात्र काहीही ठरवू नका. ताणा एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा घातला की ती छटा यंत्रमागावरही येते.

वरचे पैसे कशाचे, तर दिवसांचे. आमच्या घरात साध्या बुट्टीची साडी उतरायला साधारण महिना लागतो. पदर भरगच्च असेल तर दिवसभर बसून काम चार बोटेही पुढे सरकत नाही, आणि अंगभर मुनियाचे ब्रोकेड घेतले तर सहा महिने ते वर्ष सहज जाते. सेमी पैठणी नेसणाऱ्या बाईबद्दल आमच्या मनात काहीही वावगे नाही. आमच्या घरातल्या बायकाही रोजच्या कार्यक्रमांना तीच नेसतात. आमचे दुखणे एवढेच आहे की सेमीला हातमागाची सांगून विकले जाते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तेच झाले. त्यांच्या दोन महिन्यांच्या पगारातला एक रुपयाही माग चालवणाऱ्याकडे पोहोचला नाही.

उत्तर २: ताणाबाणा (पुणे)

रेशीम तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. या चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. साडी कशाची आहे हा एक, आणि ती कशावर विणली आहे हा दुसरा. बाजारात तिसरा प्रकारही भरपूर आहे, तो म्हणजे शुद्ध रेशमाची पण यंत्रमागावर विणलेली पैठणी, आणि सर्वाधिक गोंधळ तिच्यामुळे होतो. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू केलेले ‘सिल्क मार्क’ फक्त रेशमाची खात्री देते. ती चिठ्ठी दाखवून ‘ही बघा, सरकारी शिक्का असलेली हातमागाची पैठणी’ असे कोणी म्हणाले तर तो अर्धेच खरे बोलत असतो. मागाची खात्री देणारे ‘हँडलूम मार्क’ वेगळे आहे, ते २००६ पासून आहे. २०१५ साली ‘इंडिया हँडलूम ब्रँड’ही आले.

घरी करायची तपासणी सोपी आहे. पदराच्या टोकाकडून ताण्याचा एक आणि बाण्याचा एक, असे दोन धागे काढावेत. दोन्ही काढणे आवश्यक आहे, कारण एका बाजूला रेशीम आणि दुसऱ्या बाजूला पॉलिएस्टर अशी मिसळ सर्रास असते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो.

आता तुमच्या सहा जणींविषयी. त्यांची नजर वाईट नव्हती, त्यांनी चुकीच्या खुणेवर विश्वास ठेवला. स्वस्त साडीतली जर म्हणजे धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पट्टी असते, आणि नवी असताना तीच सर्वांत जास्त झळाळते. चांदी-सोन्याची जर मुळातच मऊ उजेडाची असते. मधल्या दर्जाच्या ‘टेस्टेड’ जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा थर असतो, तिचीही झळाळी बेताचीच असते. दहा वर्षांनी दोन्ही साड्या पुन्हा पलंगावर पसरल्या तर मते बरीच बदललेली दिसतील, असे माझा अनुभव सांगतो.

उत्तर ३: आइंडहोवनहून एक वाचक

मी कामानिमित्त नेदरलँड्समध्ये राहतो. इथल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेले काम या प्रश्नाशी थेट जुळते. एकाच शर्टाची छायाचित्रे लोकांना दाखवली गेली. कधी छातीवर लॅकोस्ट किंवा टॉमी हिलफिगरचे चिन्ह होते, कधी काहीच नव्हते. शर्ट तोच, अंगावर घालणारा तोच, तरीही चिन्ह दिसताच लोकांनी त्याला अधिक श्रीमंत आणि वरच्या दर्जाचा मानले. तो अधिक प्रेमळ किंवा विश्वासू मात्र कोणाला वाटला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात खरेदीला आलेल्या लोकांना प्रश्नावली भरून द्यायची विनंती एका तरुणीने केली. स्वेटरवर महागडे चिन्ह होते तेव्हा निम्म्याहून अधिक लोक तयार झाले. चिन्ह नसताना सातांतला जेमतेम एक.

यावरून मला असे वाटते की लोक कापड पाहतच नाहीत, ते खूण वाचतात. पैठणीच्या बाबतीत अडचण अशी आहे की तिच्यावर कुठलेही नाव विणलेले नसते. मोराचा पदर हीच तिची खूण, आणि ती साडेचार हजारांतही मिळते. म्हणून ‘लोकांना कळावे’ हा हेतू असेल तर ४२,००० रुपये खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या हेतूसाठी सेमी पुरेशी आहे.

उत्तर ४: आजीच्या पैठणीची नात (कोल्हापूर)

वरच्या उत्तराशी मी अंशतः सहमत आहे, पण साडी केवळ दिसत नाही, ती नेसली जाते, हे कोणी बोलले नाही. मी दोन्ही नेसते. सेमीच्या निऱ्या पहिल्या तासात छान उभ्या राहतात, पण बसून उठले की फुगतात, आणि मे महिन्याच्या लग्नात त्या साडीत जीव नकोसा होतो. आजीची पैठणी वजनाला जड आहे, तरी अंगाला धरून राहते, निऱ्या पायाशी सरळ पडतात आणि चालताना रेशमाची बारीक सळसळ ऐकू येते. लांबून मोर ओळखता आला नाही तरी नवरी कशी वावरते आहे, पदर सारखा सावरते आहे की विसरून गेली आहे, हे लांबूनही दिसते. म्हणजे फरक लोकांना जाणवतो. तो साडीमुळे आहे हे मात्र त्यांना समजत नाही.

आजीने ही साडी मलमलीत गुंडाळून ठेवली होती आणि दर पावसाळ्यानंतर घडी बदलायची, कारण एकाच मोडीवर जर तुटते. आमच्या शेजारी अशाच एका पैठणीचे अंग विरले तेव्हा काठ आणि पदर कापून नव्या रेशमावर चढवले. जुन्या जरीतल्या चांदीसाठी साड्या विकत घेणारेही पूर्वी दारोदार येत असत. आजीने त्यांना कधी उंबरठ्याच्या आत घेतले नाही. माझी स्वतःची एक सेमी मात्र पाच वर्षांत घडीवर काळवंडली आणि तिचे काय करावे हे मला आजही सुचलेले नाही.

पुन्हा प्रश्नकर्ती: मुलीची आई (ठाणे)

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री मुलीला आणि तिच्या वडिलांना हे सगळे वाचून दाखवले. मी आतापर्यंत मुलीला विचारलेच नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. ती म्हणाली, मला मोठा पदर नको, पण ज्यांनी विणली ते मला माहीत असावेत.

त्यामुळे आम्ही असे ठरवले आहे की ४२,००० ची साडी न घेता त्याच विणकराकडे लहान बुट्टीची, बारीक काठाची आणि आटोपशीर पदराची हातमागाची पैठणी सांगायची. फोनवर त्यांनी महिनाभराची मुदत आणि १८,००० रुपये सांगितले. आणलेली सेमी हळदीच्या दिवशी मुलगीच नेसेल, कारण हळदीचे डाग पडले तरी जिवाला लागणार नाही. करवल्यांसाठी आणखी दोन सेमी घेऊ आणि कोणी विचारले तर सेमी आहे असेच सांगू.

येवल्याच्या दादांना एक विचारायचे राहिले. आमच्याकडे साडी आणली की फॉल-पिकोवाल्या ताई पदरालाही आतून जाळी लावून देतात, बांगड्यांत धागे अडकू नयेत म्हणून. हातमागाच्या पैठणीला तसे करावे का?

येवल्याच्या विणकर घरातला

नाही ताई, पदराला काहीही लावू नका. आत सुटा धागाच नसतो, त्यामुळे बांगडी अडकायचा प्रश्न येत नाही. फॉल फक्त निऱ्यांपुरता लावा, तोही सुती, आणि टाके काठाच्या रेशमात घ्यायला सांगा, जरीत नको. साडी मागावरून उतरवायच्या दिवशी जमले तर मुलीला घेऊन या. आतली बाजू तिला आम्हीच उलटून दाखवू.