अपशब्द कोणाचा, गुन्हा कोणावर? आपापले अनुभव लिहा

ऑगस्ट २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या कानाखाली लगावण्याच्या वक्तव्यावरून नारायण राणे यांना अटक झाली. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवारांवरच्या, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या ओळी फेसबुकवर टाकल्या म्हणून अटक झाली; महिनाभराहून जास्त काळ त्या आत होत्या. मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यांच्या एकनाथ शिंदेंवरच्या विडंबनानंतर खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली. आधीच्या दोन वेळी ‘बरं झालं, अद्दल घडली’ म्हणणारी माझ्या ओळखीची माणसं तिसऱ्या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलत होती. आधीच्या दोन वेळी स्वातंत्र्य मागणारे या वेळी ‘मार खायचीच लायकी’ म्हणत होते. याचा मला मनापासून त्रास होतो. तुमच्यासमोर घडलेले प्रसंग लिहा, पक्ष कुठलाही असो. खाजगी माणसांची नावं मात्र नकोत.

ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा:
महिला राखीव जागेवरून निवडून आले. ग्रामसभेत पाणीपट्टीचा हिशोब मागितला, तर मागच्या बाकावरून एकजण ओरडला, ‘हिला घरात कोण विचारत नाही, म्हणून इथं येऊन बसती.’ पुढची शिवी मी लिहिणार नाही. लोक हसले. ग्रामसेवक खाली मान घालून लिहीत राहिले; इतिवृत्तात आलं ते ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच. पोलीस ठाण्यात गेले तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन परत पाठवलं. पुढे त्याच माणसाच्या नेत्यावर गावातल्या एका पोराने व्हॉट्सॲपला काहीतरी स्टेटस ठेवलं. लगेच तहसीलवर मोर्चा, पुतळादहन, आणि संध्याकाळपर्यंत पोरावर गुन्हा दाखल. मोर्चात पुढे कोण, ते सांगायला नको.

वकील, ठाणे:
ताई, पोलिसांनी एनसीवर भागवायला नको होतं. स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द हा दखलपात्र गुन्हा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०९, आता भारतीय न्याय संहितेचं ७९. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही ऐकलं तर पोलीस अधीक्षकांकडे जा.
पालघरचं विसरू नका. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर झालेल्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने ते लाइक केलं, दोघींना अटक. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. कलम गेलं, सवय राहिली. आता दुसरी कलमं लागतात. खटला उभा राहील की नाही, याची कोणाला फिकीर नसते. माणूस चार रात्री आत राहिला की काम झालं.

ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा:
कलम लिहून ठेवलं. सोमवारी अर्ज देते.

एसटी कर्मचारी, मराठवाडा:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. डेपोत डबा खाताना एकाने माझ्या जातीवरून शब्द टाकला. मी उठलो, तर म्हणाला, ‘गंमत केली, एवढं काय? बोलायचंसुद्धा नाही का आता?’ एका विनोदवीराला तुरुंगात टाका म्हणून आठवडाभर घसा कोरडा करणारा हाच. नेत्यावर टीका करणं आणि मला जन्मावरून हिणवणं एका मापाने मोजू नका. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ साली झाला तो यासाठीच. स्वातंत्र्याच्या नावाखाली तो पातळ करायला निघाला असाल, तर मी तुमच्यासोबत नाही.

नागपूर:
दादा, तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

हौशी नाट्यकर्मी, कोल्हापूर:
आमच्या एकांकिकेत ऊसतोड मजूर मुकादमाला शिव्या देतो. स्पर्धेच्या आयोजकांनी संहितेत त्या लाल पेनाने खोडल्या, ‘कुटुंबं बसतात समोर’ म्हणून. आमच्या नटाने तोंड मिटून नुसता कोयता खाली टाकला. त्यानंतर त्याच सभागृहात निवडणुकीची सभा झाली. उमेदवाराने विरोधकाच्या आईवरून शिवी दिली, शिट्ट्या पडल्या. आयोजक पहिल्या रांगेत, कुटुंबासह. मी फोन करून विचारलं. म्हणाले, ‘प्रचारात चालतं ते.’ यंदा मूळ संहिता, एकही शब्द न गाळता, नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली आहे. उत्तर आलं की इथेच लिहितो.