हर्ब्ज घातलेले साधे बटाटे : तुम्ही कसे करता? (अनुभव धागा)

बटाटे, तेल, मीठ, लसूण आणि मूठभर पानं. जिन्नस एवढेच. तरी बटाटे खरपूस होईपर्यंत रोझमेरी करपते, आणि पानं हिरवी राखायला जावं तर बटाटे मऊ, ओलसर निघतात. मुख्य पदार्थाशेजारी वाढायचे हे बटाटे तुम्ही कसे करता, ते इथे लिहा. प्रमाण, तापमान, वेळ आणि कुठे काय बिघडतं ते कारणासकट येऊ द्या. 'अंदाजाने घालायचं' असं लिहिणार असाल तर निदान चमच्याचा आकार सांगा.

सुरुवात मी करते. चार जणांसाठी: बटाटे १ किलो, तेल ३ मोठे चमचे (४५ मिली), लसणाच्या ५-६ पाकळ्या सालासकट, रोझमेरीच्या २ काड्या, थाइमच्या ४-५ काड्या, बारीक चिरलेली पार्सली २ मोठे चमचे, मीठ, मिरी.

बटाटे सोलून साधारण ४ सेंमीचे तुकडे करायचे. गार पाण्यात घालून मगच गॅस लावायचा. उकळत्या पाण्यात टाकले तर आत शिजेपर्यंत कडा गळून जातात. पाण्यात लिटरला १० ग्रॅम मीठ. हे मीठ आतपर्यंत पोचतं, वरून भुरभुरवलेलं वरच्यावरच राहतं. उकळी आल्यावर ८ ते १० मिनिटं. सुरीचं टोक कडेला सहज जावं, मध्यभागी किंचित अडावं, इतपतच शिजवायचं.

उपसून त्याच गरम भांड्यात परत घालायचे आणि झाकण न ठेवता ५ मिनिटं वाफ जाऊ द्यायची. तुकड्यांचा पृष्ठभाग पांढुरका, कोरडा दिसायला लागतो. मग झाकण लावून भांडं चार-पाच वेळा हलवायचं, म्हणजे कडा खरबरीत होतात. तोवर ट्रे तेलासकट २२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये तापलेला हवा. एकेरी थर, तुकड्यांमध्ये बोटभर जागा. लसूण सोबतच. २५ मिनिटं हात लावायचा नाही, मग उलटायचे, आणखी १५ ते २० मिनिटं. रोझमेरी आणि थाइम शेवटच्या ८-१० मिनिटांत. पार्सली ट्रे बाहेर आल्यावर.

*

कृती बरोबर आहे, पण बटाटा कुठला हे आधी ठरवा. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, पाणी कमी. तो कडेला फुटतो आणि त्या फुटलेल्या कडाच तेलात कुरकुरीत होतात. मेणचट बटाटा आकार धरून ठेवतो, म्हणून उकडून लोण्यात घोळवायला किंवा सॅलडला तो बरा. नवे, पातळ सालीचे बटाटे दुसऱ्या गटात धरा.

बघून कळत नसेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि त्यात एक बटाटा सोडा. पिठूळ बुडतो, मेणचट तरंगतो. पिठूळ बटाट्याची घनता जास्त असते, एवढंच त्यामागचं कारण.

आणखी एक. भाजायचे बटाटे फ्रिजमध्ये साठवू नका. थंडीत बटाट्यातला स्टार्च हळूहळू साखरेत बदलतो. असा बटाटा आत शिजायच्या आधीच बाहेरून गडद तपकिरी होतो आणि चव कडवट गोड लागते. शिवाय ती साखर जास्त तापमानात अ‍ॅक्रिलामाइड (स्टार्चचे पदार्थ भाजताना-तळताना तयार होणारं घातक रसायन) वाढवते. अंधारी, हवेशीर, गार जागा पुरे. उजेडात राहून साल हिरवी झाली असेल तर तो भाग खोल कापून टाका. चव कडू लागली तर सगळाच बटाटा टाका, त्यातलं सोलॅनिन हे विष शिजवून जात नाही.

*

हर्ब्जबद्दल माझं ठाम मत: सगळी पानं एकाच वेळी घालणं हाच मूळ घोळ. दोन गट करा.

कडक पानांचा गट म्हणजे रोझमेरी, थाइम, सेज, ओरेगॅनो. यांचा वास तेलात उतरतो आणि उष्णतेत टिकतो, पण सुटी पानं २२० अंशांवर अर्धा तास तग धरत नाहीत. कोवळा गट म्हणजे पार्सली, शेपू, चाइव्ह्ज, पुदिना, बेसिल, कोथिंबीर. यांचा वास उडून जाणारा, त्यामुळे आचेवर घालूच नयेत.

शेवटच्या दहा मिनिटांत रोझमेरी घातली तर वास पानांपुरताच राहतो, बटाट्यात मुरत नाही, ही माझी वरच्या कृतीबद्दलची तक्रार. उपाय सोपा आहे. ४५ मिली तेलात चिरलेली रोझमेरी १ मोठा चमचा आणि ठेचलेला लसूण ४ पाकळ्या मंद आचेवर ठेवा. लसणाच्या कडा सोनेरी व्हायला लागल्या की लगेच गाळा. साधारण ३ मिनिटं लागतात. गाळलेलं तेल बटाट्यांना सुरुवातीलाच चोळा. गाळणीत उरलेलं लसूण-रोझमेरी वाटीत बाजूला ठेवा आणि बटाटे बाहेर आल्यावर वरून घाला. वास आतपर्यंत आणि करपलेलं काहीच नाही. या पद्धतीत रिकामा ट्रे तेलाशिवाय तापवायचा.

वाळवलेली हर्ब्ज वापरत असाल तर ताज्याच्या एक तृतीयांश: १ मोठा चमचा ताजी असेल तिथे १ छोटा चमचा वाळकी. तीही आधी तेलात भिजवा, कोरडी भुरभुरवली तर जिभेला काड्या लागतात. वाळकी पार्सली मात्र विकत घेऊच नका, तिला चवच नसते. पानं धुतल्यावर फडक्यात गुंडाळून पूर्ण कोरडी करा. ओली पानं चिरली की लगदा होतो आणि बटाट्यांवर गोळ्या बसतात.

*

लसणाची पेस्ट घालू नका. सुरुवातीला घातली तर करपते, शेवटी घातली तर कच्ची लागते. सालासकट पाकळ्या भाजल्या की आतला लसूण लोण्यासारखा होतो. तो पिळून बटाट्यांत मिसळला की पुरे.

*

ओव्हन नसेल तर? जाड बुडाचा पसरट पॅन पुरतो, फक्त एका वेळी ५०० ग्रॅमच्या वर घेऊ नका.

बटाटे आदल्या दिवशी सालासकट उकडून, गार करून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. (कच्चे ठेवू नका असं वर म्हटलंय ते बरोबरच, हे उकडलेले.) गार झाल्यावर स्टार्च घट्ट होतो, त्यामुळे काप मोडत नाहीत आणि वरचा ओलावाही सुकतो. दीड सेंमी जाडीचे काप करा. पॅन मध्यम आचेवर २ मिनिटं तापवा, २ मोठे चमचे तेल, काप एकेरी थरात. आता ६-७ मिनिटं कालथा लावायचा नाही. काप स्वतःहून सुटला की उलटायची वेळ झाली. ओढावा लागत असेल तर अजून कवच तयार झालेलं नाही. दुसरी बाजू ५ मिनिटं. मग आच मंद करून २० ग्रॅम लोणी, थाइमच्या ३ काड्या आणि एक ठेचलेली पाकळी. लोणी फेसाळेल, ते चमच्याने कापांवर मिनिटभर ओतत राहा.

लोणी आधीपासून का नाही? त्यात सहावा हिस्सा पाणी असतं आणि दुधाचे कण असतात. पाणी बटाट्याला मऊ करतं, कण काळे पडतात. तूप चालतं, त्यात दोन्ही नसतात.

कुकरमध्ये उकडत असाल तर शिट्टी उचलून वाफ झटकन सोडू नका. आतलं पाणी एकदम उकळतं आणि साली फाटतात.

*

कडा खरबरीत करायला भांडं हलवण्यापेक्षा सोडा जास्त खात्रीचा आहे. २ लिटर पाण्याला अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा. बटाट्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि अल्कधर्मी पाण्यात ते पेक्टिन लवकर विरघळतं. बाहेरचा थर पिठासारखा सैल होतो, तेल त्यात बसतं आणि भाजल्यावर जाड कवच येतं. मात्र वेळ २ मिनिटांनी कमी करा आणि सोडा वाढवू नका, साबणासारखी चव येते.

उलट, तुकडे अखंड हवे असतील तर लिटरला १ मोठा चमचा व्हिनेगर. आम्लात पेक्टिन टिकून राहतं. सॅलडसाठी मी हेच करतो. उकडल्यावर करडे पडणारे बटाटे असतात (लोह आणि बटाट्यातल्या एका आम्लाची ती करामत), तेही व्हिनेगरने पांढरे राहतात.

*

सगळे कुरकुरीतच्या मागे लागलेत! मऊ हर्ब बटाटे हा वेगळा पदार्थ आहे आणि २५ मिनिटांत होतो.

छोटे नवे बटाटे ७५० ग्रॅम, सालासकट, सगळे एका मापाचे. मोठे असतील ते अर्धे करा. मिठाच्या गार पाण्यात टाकून उकळी आल्यावर आच कमी, १२ ते १५ मिनिटं. पाणी खळखळू द्यायचं नाही, साली सुटतात. निथळताना त्यातलं अर्धी वाटी पाणी ठेवा. पसरट भांड्यात ४० ग्रॅम गार लोणी आणि ३ मोठे चमचे ते पाणी मध्यम आचेवर हलवत राहा. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे लोणी फुटत नाही, दाटसर, चमकदार लेप तयार होतो. बटाटे घालून मिनिटभर परतवा, गॅस बंद, मग पार्सली, चाइव्ह्ज, शेपू मिळून ४ मोठे चमचे. शेपूच्या जाड काड्या काढून टाका, फक्त पिसांसारखी पानं घ्या. तूपट दिसायला लागलं, म्हणजे लेप फुटला, की आणखी एक चमचा पाणी.

लिंबू पिळायचं तर ताटात. हिरवी पानं आम्लात थोड्याच वेळात शेवाळी दिसायला लागतात. साल मात्र आधी किसून घातली तरी चालते.

*

एक प्रश्न. ट्रेला बटाटे चिकटतात आणि कवच ट्रेवरच राहतं. तेल कमी पडतं का?

*

तेल क्वचितच कमी पडतं. ट्रे गार असतो. गार धातूवर ओला स्टार्च ठेवला की तो आधी चिकटतो, मग भाजतो. ट्रे इतका तापवा की पहिला तुकडा टाकताच चर्र आवाज यावा. दुसरं कारण घाई: कवच पूर्ण झाल्याशिवाय उलटलं की ते फाटणारच. तिसरं, गर्दी. किलोभर बटाट्यांना साधारण ४० बाय ३० सेंमीचा ट्रे लागतो. त्याहून लहान असेल तर दोन ट्रे घ्या आणि मध्ये जागा बदला. उंच काठाचं भांडं टाळा, वाफ आतच फिरते. पंख्याचा ओव्हन असेल तर २०० अंश पुरे.

*

एअर फ्रायरवाल्यांसाठी: ५०० ग्रॅम, ३ सेंमीचे तुकडे, आधी ५ मिनिटं उकडून कोरडे केलेले, १ मोठा चमचा तेल, २०० अंशांवर १८ ते २० मिनिटं, दोनदा हलवणे. सुटी हर्ब्ज आत घालू नका. पंख्याने उडून तापलेल्या तारेला लागतात आणि जळका वास सगळ्या बटाट्यांना येतो.

*

उरलेल्याचं कुणी लिहिलं नाही. भाजलेले बटाटे मायक्रोवेव्हमध्ये चामट होतात. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा कोरड्या पॅनवर १० मिनिटं ठेवा आणि कोवळी पानं नव्याने घाला. पुन्हा गरम करायचे आहेत हे आधीच माहीत असेल तर पहिल्यांदा पार्सली घालूच नका.

लसूण-रोझमेरीचं तेल जास्त करून बाटलीत भरायचा मोह होतो, तो टाळा. लसूण आणि पानं जमिनीजवळची, त्यांच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा लागत नाही, आम्लही नसतं, त्यामुळे बाहेर ठेवलेल्या तेलात ते विष तयार करू शकतात आणि वासावरून कळतही नाही. लागेल तेवढंच करा. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये, आणि दोन-चार दिवसांत संपवा. फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेल्या अख्ख्या बटाट्यांचंही तेच. तसेच गुंडाळलेले ओट्यावर ठेवू नका. फॉइल सोडून गरमच वाढा, नाहीतर उघडे करून फ्रिजमध्ये ठेवा.