आतून स्टील, बाहेरून तांबं: या हंडीला कल्हई करता येते का?

मुक्ता_ठाणे
ठोक्याची तांब्याची हंडी आहे, आत स्टीलचं अस्तर. गॅसवर आमटी मधोमध करपते आणि घासल्यावर काठाच्या दुमडीतून हिरवट पाणी पाझरतं. आतून कल्हई करून घेऊ का?

तांबटआळी
कल्हई धरणार नाही. स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा कल्हईच्या वेळी चोळतात त्या नवसागराने निघत नाही, कल्हईचं कथील गोळ्या होऊन ओघळतं.

मुळात ही वाढपाची हंडी दिसते. दोन पत्रे वेगवेगळे घडवून एकात एक बसवतात आणि काठाला दुमडतात, मध्ये हवा राहते. जिथे पत्रे एकमेकांना टेकतात तिथूनच उष्णता आत शिरते, बहुधा तळाच्या मध्यावर. स्टील उष्णता पसरवतं तांब्याच्या जेमतेम पंचविसाव्या हिश्शाने, त्यामुळे तेवढाच गोल करपतो. आणि हिरवं पाणी म्हणजे दुमडीत शिरून तांब्याचा गंज घेऊन आलेलं पाणी. ते आत असताना हंडी भट्टीवर चढवली तर वाफ कोंडून तळ फुगतो, सांधाही उकलतो. दुकानात हे कुणी सांगत नाही, ‘आत स्टील आहे, काळजी नको’ एवढंच.

जाडबूड
रांधायचं भांडं हवं तर दोन धातू लाटून एकजीव केलेल्या पत्र्याचं बघा. बेल्जियमच्या फाल्कच्या भांड्यांत 2.3 मिमी तांबं आणि 0.2 मिमी स्टील असतं. काठ निरखा: दुमड नसते, कापलेल्या कडेला तांबड्या पट्टीला लागून चंदेरी रेघ दिसते. वजनही बोलतं, 2.5 मिमी जाडीचा, 20 सेंमी व्यासाचा नुसता तळच 700 ग्रॅमच्या आसपास भरतो. इंडक्शनवर मात्र ही भांडी सहसा चालत नाहीत. मीठ पाणी उकळल्यावर घाला. गार पाण्यात ते तळाशी बसलं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि हे अस्तर घरी बदलता येत नाही.

नुसती बासुंदी आटवायची असेल तर एवढा खर्च कशाला? जाड बुडाचं कल्हईचं पातेलं पुरे. कथील 232 अंशांना वितळतं, तेव्हा पातेलं रिकामं तापवू नका आणि त्यात कोरडं भाजू नका.

मुक्ता_ठाणे
काठ दुमडलेलाच आहे. अडकलेलं पाणी कसं काढू?

तांबटआळी
पालथी घालून कडक उन्हात ठेवा, पाझर थांबेपर्यंत. यापुढे पाण्यात भिजत घालू नका. चिंच-मीठ बाहेरूनच लावा, दुमडीच्या बोटभर खालीच थांबा, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा.