नवशिक्याच्या हाती 'के अँड आर' देणं बंद करा

कोकणी_कोडर (धागाकर्ता)

'प्रोग्रॅमिंग शिकायचंय, कुठलं पुस्तक घेऊ?' असं कोणी विचारलं की आयटीतल्या जुन्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं. कर्निहॅन आणि रिची यांचं सी या प्रोग्रॅमिंग भाषेवरचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज', म्हणजेच 'के अँड आर'. माझ्या भाच्यालाही हाच सल्ला मिळाला. पोरगा बी.कॉम. झालाय, एका सीएकडे काम करतो, कॉम्प्युटरशी संबंध टॅली आणि एक्सेलपुरता.

पुस्तक थोर आहे, त्यात वाद नाही. पहिली आवृत्ती १९७८ची, दुसरी १९८८ची, आणि पावणेतीनशेच्या आत पानांत अख्खी भाषा. शिवाय दोघांपैकी रिची म्हणजे भाषेचे जन्मदातेच. पण लेखकांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगून ठेवलंय की हे प्रोग्रॅमिंगचं प्राथमिक पुस्तक नव्हे, व्हेरिएबल (किंमत ठेवायची नाव दिलेली जागा), लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा) वगैरेंची थोडी ओळख गृहीत धरली आहे. ही प्रस्तावना सल्ला देणाऱ्यांनी वाचलेली नसते.

भाच्याचं घोडं पहिल्याच प्रकरणात अडलं. तिथे अक्षरं मोजायचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. इनपुट संपेपर्यंत अक्षरं घ्यायची, शेवटी आकडा छापायचा. याने टाइप केला, चालवला, चार शब्द लिहिले आणि एंटर मारत बसला. आकडा काही येईना. इनपुट संपलं हे सांगायला युनिक्सवर (विंडोजसारखीच एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) कंट्रोल-डी लागतं, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि मग एंटर. ते त्या पानावर नाही. युनिक्सच्या टर्मिनलवर बसलेल्या वाचकाला सांगायची गरजही नव्हती. पोराला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, आणि त्याने पुस्तक मिटलं.

माझं मत: त्याने अल स्वायगार्टचं 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन' घ्यावं. पायथन ही सीसारखीच दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा. लेखकाच्या साइटवर फुकट वाचता येतं. एक्सेलच्या फायली उघडणं, पीडीएफमधून मजकूर काढणं, फोल्डरभर फायलींची नावं एका झटक्यात बदलणं, म्हणजे याचं रोजचंच काम.

पॉइंटर_पाटील

साहेब, प्रस्तावना अर्धीच सांगितलीत. तिथेच पुढे लिहिलंय की नवख्यालाही वाचत वाचत भाषा उचलता येईल, फक्त एखादा जाणकार सहकारी जवळ असला तर बरं. तुम्ही जाणकार मामा घरचेच होतात ना? कंट्रोल-झेड सांगायला असा कितीसा वेळ लागतो?

पायथनपासून सुरुवात केलेली मुलं मी इंटरव्ह्यूला रोज बघतो. लिस्ट, म्हणजे मूल्यांची यादी, फंक्शनला दिली आणि आत बदलली तर बाहेर का बदलते, हे विचारलं की आढ्याकडे बघतात. आमच्या वेळी टर्बो सीमध्ये (डॉसच्या काळातलं सी चालवायचं सॉफ्टवेअर) ३२७६७ मध्ये १ मिळवला की उणे ३२७६८ यायचे. डोकं खाजवायचो, पण त्यातून इंट, म्हणजे सीतला पूर्णांक, ही मोजक्या बिटांची (०-१च्या घरांची) जागा आहे हे कायमचं कळलं. पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा फुगतो, मग प्रश्न पडणार कधी?

अनघा_नाशिक

पाटील, तो प्रश्न पडेपर्यंत विद्यार्थी टिकायला तर हवा! मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवते. सीत इनपुट घ्यायच्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँपरसँड (& हे चिन्ह) विसरणं हा वर्गातला नेहमीचा प्रकार. कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) फार तर एक वॉर्निंग देतो, ती कोणी वाचत नाही. प्रोग्रॅम चालतो आणि मध्येच मान टाकतो, किंवा भलताच आकडा दाखवतो. का, ते समजावायला मेमरीतला पत्ता म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते, आणि समोरच्याला अजून 'जर-तर'सुद्धा नीट लिहिता येत नसतं. पायथन निदान कितव्या ओळीवर काय बिनसलं ते सांगतं.

आणि जाणकार मामा सगळ्यांना नसतो हो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' कोणाच्या तोंडी नाही, काहून बाप्पा? मराठी शाळेतून आलेलं पोरगं सीत नाही अडकत, पुस्तकाच्या इंग्रजीत अडकते. के अँड आरचं एकेक वाक्य दोनदा वाचा लागते. कानेटकर साधं, बोलल्यासारखं लिहितात. एवढे इंजिनिअर त्यावर निघाले ते उगीच नाही.

निशाचर

निघाले, पण त्यातले बरेच टर्बो सीची सवय घेऊन निघाले. वॉइड मेन, क्लिअरस्क्रीन, गेटसीएच या लिहायच्या सवयी सगळ्या डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या सिस्टिमच्या, जमान्यातल्या. क्लिअरस्क्रीन, गेटसीएचसाठी लागणारी कोनिओ ही हेडर फाइल मागितली तर आजचा कंपायलर विंडोजबाहेर सहसा फाइलच सापडत नाही म्हणतो. आणि परीक्षेच्या गाइडांमधला तो लाडका प्रश्न: 'आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय, आउटपुट सांगा' (एकाच ओळीत आय दोनदा एकने वाढवायचा). सीच्या स्टँडर्डप्रमाणे अशा ओळीचं उत्तर ठरलेलंच नाही, कंपायलर काहीही करायला मोकळा. आपल्याकडे मात्र त्याला दोन मार्क!

बाकी आता पुस्तक कशाला? यूट्यूब आहे, एआय आहे.

अनघा_नाशिक

व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, रिकामी फाइल समोर आली की पहिली ओळ सुचत नाही. पुस्तकाला जोडून बघायचंच असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये सीचे धडे मराठीत आहेत. नाहीतर एनसीईआरटीचं अकरावीचं कॉम्प्युटर सायन्स. पायथनवर आहे, पीडीएफ फुकट आहे, आणि कुठलंही पूर्वज्ञान धरून चालत नाही. मुखपृष्ठ बघून कोणी हात लावत नाही, ते सोडा.

जुनी_पुस्तकं_पुणे

पायथन घेणाऱ्यांना एक सूचना. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात किंवा रद्दीत स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका. आधी आत बघा, प्रिंट या छापायच्या आज्ञेपुढे कंस आहे का? नसेल तर पुस्तक पायथन २चं, आणि त्या आवृत्तीचा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला. पहिल्याच ओळीला एरर येईल.

पॉइंटर_पाटील

हेच म्हणतोय मी! १९८८चं के अँड आर आजही कामाचं, तुमची पायथनची पुस्तकं दहा वर्षांत रद्दीत.

आणि भाचा सीएकडे आहे ना? पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगा. ०.३ नंतर शून्यांची रांग आणि शेवटी एक ४. लेजर आणि बँक स्टेटमेंट जुळवायला बसला की हा ४ रात्रभर जागवेल. कुठून आला हे कळायला मशीनच्या पोटातच शिरावं लागतं.

अनघा_नाशिक

सीमध्ये डबल (दशांश संख्यांचा प्रकार) वापरलंत तर तीच बेरीज, तोच ४. सीतलं छापायचं फंक्शन प्रिंटएफ मुकाट्याने सहाच दशांश स्थळं दाखवतं म्हणून दिसत नाही. आता सांगा, नवशिक्यापासून लपवतंय कोण?

कोकणी_कोडर

😀 भाच्याला करून दाखवलं. त्याचा पहिला प्रश्न: 'मग टॅलीत कसं बरोबर येतं?' टॅली आतून काय करते ते मला ठाऊक नाही, पण हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवायचा किंवा पायथनचं डेसिमल (दशांश हिशेब अचूक ठेवणारा प्रकार) वापरायचं एवढं सांगितलं. स्वायगार्ट चालू केलंय. के अँड आर कपाटात.

पॉइंटर_पाटील

हा प्रश्न ज्याला पडला त्याला सी जमेल. राहू दे कपाटात, पण वरच्या फळीवर नको. लिस्ट आत बदलली की बाहेर का बदलते यावर तो अडला की पाचवं प्रकरण उघडून द्या, पॉइंटरचं, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांचं. कंट्रोल-झेड तेवढं पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.