टॉवेल खुंटीवर, टँकर दारात

मुसाफिर७: पाचगणीत तीन दिवस राहून आलो. छतावर सोलर, प्लास्टिकची बाटली नाही, 'टॉवेल रोज धुवायचा नसेल तर खुंटीवर अडकवा' अशी चिठ्ठी. रिसेप्शनमागे ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र. असा विकास होणार असेल तर न्यू महाबळेश्वर या नव्या थंड हवेच्या ठिकाणाच्या प्रकल्पाच्या नावानं बोंब कशाला?

घाटमाथा: टॉवेल खुंटीवर अडकवून पूलमध्ये उतरलात ना? मग झालं. अहो, महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात आमच्या वाडीतल्या बायका झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरतात. जांभ्याचा सडा आहे, पाणी थांबतंय कुठं! आणि हॉटेलं हाउसफुल्ल कधी? त्याच मे महिन्यात. म्हणून वर्षाची सरासरी दाखवणारा अहवाल मी वाचतच नाही. मेचा आकडा दाखवा. 'दर खोलीमागे इतके लिटर वाचवले' हेही नको. वीस खोल्यांच्या ऐंशी केल्यावर एकूण उपसा वाढला की घटला, ते बोला. टँकर कुणाच्या विहिरीवर भरला, हे लिहिलेलं असतं का त्या प्रमाणपत्रात?

मुसाफिर७: पूल नव्हता. जकुझी होता.

आकडेमोड: असल्या फाइली मी पोटासाठी भरतो, म्हणून बोलतो. लीडसारख्या ग्रीन बिल्डिंगच्या रेटिंगमध्ये जागेला, पावसाच्या पाण्याला, सांडपाण्याच्या पुनर्वापराला गुण असतात. अगदीच थोतांड नाही. पण कागदावरचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, चालू असतो का, हा निराळा प्रश्न. एका रिसॉर्टवर गेलो तर त्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद आणि टाकीच्या झाकणावर जास्वंदीच्या कुंड्या. मॅनेजर म्हणाला, "आवाजानं गेस्टची झोपमोड होते, साहेब."

मुसाफिर७: म्हणजे दोष हॉटेलवाल्यांचाच. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरच्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही.

लालमाती: आला का शेतकरी मधे? २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे इथं, बांधकामावर निर्बंध. मला गोठ्याच्या जागी दोन खोल्या काढायच्या तर चार वर्षं चपला झिजवल्या. समोरच्या डोंगरावर मुंबईवाल्याचा बंगला दोन उन्हाळ्यांत उभा. नियम आमच्यापुरताच.

घाटमाथा: तो डोंगर विकला कुणी पण? गाववाल्यांनीच ना?

लालमाती: माझ्या आज्यानं विकला. आजीच्या ऑपरेशनला. किती आले सांगू? त्या पैशात आज तिथली एक रात्र निघत नाही. पुण्यात एसीत बसून विचारायला सोपं आहे.

घाटमाथा: साताऱ्यात असतो. एसी नाही.

लालमाती: मग तर लाजच वाटायला पाहिजे.

पाटणची_सून: जमिनीचा विषय निघालाय म्हणून. न्यू महाबळेश्वरचं नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे, सुरुवातीलाच २३५ गावं. माझ्या सासऱ्यांचं घर कोयनेच्या पाण्यात गेलं. वीज गेली बाहेर, आम्ही वर सरकलो. आता त्या वरच्या जागेवरून 'व्ह्यू' चांगला दिसतो म्हणे. सासरे अजून पुनर्वसनाच्या कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपतात. कुठं किती खोल्या चालतील हे आधी ठरवा, मग सोलर लावा नाहीतर कंदील.

आकडेमोड: हे मात्र खरं. आमच्याकडे फाइल येते तोवर खोल्यांचा आकडा ठरलेला असतो. 'बांधूच नका' असं लिहायला त्या फॉर्मात रकानाच नाही.

घाटमाथा: लालमाती, विकण्याबद्दलचं मागे घेतो. आमच्याही चुलत्यांनी विकली आहे, म्हणून चिडचिड.

लालमाती: ठेवा तुमच्याजवळच.

मुसाफिर७: बरं बाबांनो, चुकलं. पुढच्या खेपेला टॉवेल घरून आणतो, अंघोळ वाईत उरकून घाट चढतो. खूश?

लालमाती: या की. दोन खोल्या झाल्यात माझ्या. माणशी एक बादली, गरम.

घाटमाथा: मेमध्येही?

लालमाती: मेमध्ये अर्धी. टँकर मलाही लागतो.