बँड टाकले तरी गोळी चालू का ठेवायची?

लिव्हर कडक झालेल्या (सिरोसिस) वडिलांना अन्ननलिकेत दोनदा बँड टाकून झालेत, मग प्रोप्रानोलॉल ही गोळी बंद केली तर चालेल का, असं एकाने विचारलंय. मनाने अजिबात बंद करू नका. बँडिंगमध्ये दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरेवर रबराची बारीक रिंग बसवतात, ती शीर आवळून सुकते. पण लिव्हर कडक झाल्याने पोर्टल शिरेत (आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणारी शीर) चढलेला दाब तसाच राहतो, आणि नव्या शिरा फुगू शकतात. गोळी त्या दाबावर काम करते. म्हणून एकदा रक्ताची उलटी झालेल्या पेशंटला सहसा दोन्ही लागतं. काहींना प्रोप्रानोलॉलऐवजी त्याच प्रकारची कार्व्हेडिलॉल देतात. वरचा बीपी ९० च्या खाली गेला किंवा चक्कर आली, तर डोसचं लगेच डॉक्टरांना विचारा.

आमच्या मामांना बँडिंगच्या दुसऱ्याच दिवशी कडक भाकरी हवी होती. पक्के सोलापूरकर, सांगणार कोण! मामींनी ती दुधात पार भिजवून, कुस्करून दिली. रिंग गळते तिथे जखम असते, त्यामुळे काही दिवस मऊच खायचं. पोटात पाणी होत असेल तर मीठ कमी, आणि त्या हिशोबात शेंगाचटणीतलं मीठसुद्धा धरायचं, हे मामांना आजही पटत नाही.

गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणू नका, तिने रक्तस्राव होऊ शकतो. आणि डांबरासारखी काळी शी झाली तर आत रक्तस्राव होत असू शकतो, सकाळची वाट पाहायची नाही. रात्री एंडोस्कोपी कुठे होते, हे आजच चौकशी करून ठेवा.